यूसुफची सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, नाही. मुलीला नाही. गावच्या देवळात दर वर्षी गाऱ्हाणं घातलं जातं तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. देवाला ते ठाऊक असेलच, पण माझ्याकडून त्याने ऐकलेलं नाही. तसा मी बोलका माणूस. बहारीनच्या गोष्टी सांगायला बसलो की पडवीत माणसं जमतात, चहा दोनदा होतो. जीप, वाळू, अमेरिकन खलाशी, उन्हाळ्यात नळाला येणारं कढत पाणी, सगळं रंगवून सांगतो. फक्त एक संध्याकाळ गाळतो. इतकी वर्षं गाळत आलोय की गोष्टीत काही राहून गेलंय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

सुरुवात कुठून करू? खरं तर यूसुफपासून करायला हवी. पण त्याचं नाव लिहिलं की हात थांबतो. म्हणून आधी डॉसनसाहेबांपासून करतो — ही पळवाटच आहे, कळतंय मला.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मनामा शहराला लागून परदेशी आरमाराचा एक लहानसा तळ होता, तिथे मी ड्रायव्हर होतो. देवरुखजवळच्या आमच्या वाडीतला एसएससी झालेला मी पहिला, त्यामुळे इंग्रजी बऱ्यापैकी. हिंदी मुंबईत दोन वर्षं टेम्पो चालवून पक्कं झालेलं. अरबी कामापुरतं. जहाज बंदराला लागलं की खलाशी शहरात सुटायचे. महिना महिना पाण्यावर काढलेली तरणी मुलं ती, दावं सोडलेल्या वासरांसारखी उधळायची. त्यांच्यावर नजर ठेवायला दुपारपासून एक जीप फिरत असे. स्टिअरिंगवर मी, शेजारी अमेरिकन आरमाराचे डॉसनसाहेब आणि मागे बहारीनचा पोलीस, यूसुफ. खलाशाने दंगा केला तर साहेब उतरणार, गावच्या माणसाने केला तर यूसुफ. आपल्या माणसाला आपणच हात लावायचा, दुसऱ्याने नाही, असा नियम. साहेबांना अरबीचा गंध नव्हता, यूसुफला इंग्रजीचा. पण यूसुफचे वडील तरुणपणी मुंबईत मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला होते आणि तो स्वतः हिंदी सिनेमे बघत वाढलेला. त्याचं नि माझं हिंदीत चालायचं. मग ते मी साहेबांना इंग्रजीत सांगायचं, साहेबांचं त्याला हिंदीत. दोघांच्या मधली जीभ म्हणजे मी.

ही सगळी पद्धत साहेबांनी सायगावहून आणली होती.

ते आधी लष्करी पोलीस होते. व्हिएतनामच्या लढाईत सायगाव शहरात त्यांनी दीड वर्ष हीच ड्यूटी केली होती. जीपमध्ये अमेरिकन लष्करी पोलीस आणि त्याच्या बाजूला तिथला शहर पोलीस, पांढऱ्या गणवेशातला. त्या पोलिसाचं नाव थुआन. साहेब तसे कमी बोलणारे, पण थुआनचा विषय निघाला की थांबत नसत. सायकलींची आणि स्कूटरींची ती गर्दी, सुट्टीवर आलेले सैनिक, दारूचे गुत्ते, आणि कुठल्या गल्लीत जावं नि कुठल्या नाही हे थुआनला कसं कळायचं ते. टोपल्या घेऊन बसलेल्या बाया गप्प होऊन सामान आवरायला लागल्या की तो साहेबांची बाही धरायचा. एकदा अशीच धरली, आणि दोन मिनिटांनी गल्लीच्या तोंडाशी स्फोट झाला. साहेब परत मायदेशी गेले, थुआन तिथेच राहिला. मग सायगाव पडलं. त्यानंतर साहेबांनी त्याच्या पत्त्यावर किती पत्रं टाकली कुणास ठाऊक, एकाचंही उत्तर नाही. बहारीनमध्येही महिन्या-दोन महिन्यांनी एक पत्र माझ्याकडे देत, पोस्टात टाक म्हणून. पाकिटावरचा पत्ता तोच. मी टाकत असे. त्यांना एकदा विचारावंसं वाटलं होतं की साहेब, कशाला? नाही विचारलं. परमुलखात राहणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या पत्रांबद्दल असं विचारू नये.

आणि सायगावहूनच आली होती ती सहीची रीत. ड्यूटी संपायच्या आधी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून साहेब दिवसाचा रिपोर्ट लिहायचे. कागद एकच, इंग्रजीत. खाली सह्या दोन, एक साहेबांची, एक यूसुफची. यूसुफला त्यातलं अक्षर कळत नसे. मी त्याला हिंदीत सांगायचो काय लिहिलंय ते, आणि तो सही करायचा. उजवीकडून डावीकडे, झोकात, शेवटी एक टिंब देऊन. थुआननेही अशाच शेकडो कागदांवर सह्या केल्या होत्या म्हणे. साहेब अभिमानाने सांगायचे, ‘त्याने सही केलेल्या कागदात मी एक शब्द खोटा लिहिला नाही.’ मला ते ऐकून बरं वाटायचं. आता एक गोष्ट मनात येते. सायगावच्या त्या जीपमध्येही मागे कुणीतरी दुभाष्या बसत असणारच, थुआनला कागदात काय आहे ते सांगणारा. त्याचं नाव साहेबांनी कधी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. मधल्या माणसाकडे कोण बघतो?

आता यूसुफ. सांगतोच.

यूसुफ मनामाजवळच्या जिदहफ्स गावचा. माझ्याच वयाचा, गोल चेहऱ्याचा, हसला की डोळे मिटायचे. त्याच्या घरात सरकारी नोकरी लागलेला तो पहिला. त्याची आई त्याचा गणवेश स्वतः धुऊन अशी काही इस्त्री करायची की बाहीच्या घडीने बोट कापावं. हिंदी सिनेमाची गाणी चुकीच्या शब्दांसकट पूर्ण म्हणायचा. मी शब्द दुरुस्त केले तर म्हणायचा, ‘वसंत भाई, सुर देखो, लफ्ज छोडो.’ साहेबांना ती गाणी आवडायची. सायगावात थुआनही असाच गुणगुणत बसायचा, म्हणे. दर गुरुवारी यूसुफ आईने दिलेला खजुराचा डबा आणायचा आणि आम्ही तिघं समुद्राकडे तोंड करून जीपमध्ये बसून खायचो. बिया साहेब रुमालात गोळा करत, रस्त्यावर टाकू देत नसत. कधी साहेब यूसुफच्या खांद्यावर थोपटत आणि मला म्हणत, ‘याला सांग, हा अगदी थुआनसारखा आहे.’ मी सांगायचो. यूसुफ विचारायचा, ‘वो कौन, साब का भाई?’ मी म्हणायचो, तसंच समज.

असे ते दिवस. आजही कधी संध्याकाळी पडवीत बसलो की मला आमचं घर, माड, विहीर काही दिसत नाही, ती जीप दिसते. तिच्यात बसावंसं वाटतं. मागून चुकीच्या शब्दांचं गाणं यावं असं वाटतं. माणसाला आपलं गाव सोडून परक्या मुलखाची ओढ लागावी, हे आमच्या वाडीत कुणाला सांगितलं तर हसतील. ओढ त्या मुलखाची नाहीच म्हणा. ओढ आहे ती स्वतःचीच, त्या संध्याकाळच्या आधीच्या वसंताची.

तर ती संध्याकाळ. जानेवारी असावा, हवेत गारवा होता. आम्ही शहरातल्या अदलिया भागात होतो. तिथल्या एका हॉटेलात खलाशांची आपसांत बाचाबाची झाली म्हणून साहेब आत गेले. मगरिबची, म्हणजे दिवेलागणीच्या नमाजाची, बांग झाली. यूसुफ म्हणाला, ‘भाई, दस मिनट,’ आणि गल्लीच्या टोकाच्या मशिदीत गेला. हे रोजचंच. साहेबांची त्याला परवानगी होती. यूसुफ गेला की जीप सोडायची नाही आणि उतरलंच तर चावी खिशात — हा माझ्यापुरता नियम. सोपा. एकच तर नियम होता मला.

त्याच रस्त्यावर, चाळीस-पन्नास पावलांवर, तुकाभाऊ गुरवाची लाँड्री होती. म्हणजे लाँड्री दुसऱ्याची, इस्त्री तुकाभाऊची. तुकाभाऊ आमच्या शेजारच्या वाडीतला, आदल्याच दिवशी रजेवरून परतला होता. येताना त्याने माझ्या घरून फणसपोळी आणली होती आणि एक कॅसेट. तेव्हा घरोघरी फोन कुठे होते? आम्ही आवाज पाठवायचो कॅसेटमध्ये भरून. सुमनने मास्तरांचा टेपरेकॉर्डर आणून बोलून ठेवलं होतं. आणि माझी मुलगी — छाया — मी निघालो तेव्हा ती पोटात होती. मी तिला पाहिलेलं नव्हतं. दीड वर्षाची झाली होती. तुकाभाऊ दारात उभा राहून मला हात करत होता.

गेलो. चावी जीपलाच लटकत होती. दोन मिनिटांचं काम, कशाला काढा?

तुकाभाऊने कॅसेट लावली. सुमन आधी पत्र वाचल्यासारखी बोलत होती, ‘इकडे सर्व खुशाल’ वगैरे. मग मध्येच कोंबडी घरात शिरली तिला हाकलायला लागली, टेप चालू आहे हे विसरून, आणि मी हसलो आणि माझे डोळे भरून आले. नव्या घराच्या चिऱ्याच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या, म्हणाली. मग तिने छायाला जवळ घेतलं असावं. म्हणाली, ‘बाबांना हाक मार. मार की.’ त्यावर काहीच नाही. नुसता एका लहान जिवाचा श्वास, अगदी माइकजवळ. मी कान लावून उभा. सुमन पुन्हा म्हणाली, मार ना गो. पुन्हा श्वास. दोन मिनिटांची दहा कधी झाली कळलं नाही. आणि बाहेर मोठा आवाज झाला.

एका दारू प्यालेल्या खलाशाने जीप नेली होती. कोपऱ्यापर्यंतच. वळणावर एका म्हाताऱ्याची फळांची हातगाडी होती, तिच्यावर घातली. म्हातारा खाली, त्याच्या पायाचं हाड बाहेरून दिसत होतं. संत्री रस्ताभर. मी धावलो. यूसुफ मशिदीकडून धावत आला. चपला तिथेच राहिल्या होत्या त्याच्या, अनवाणी. त्याने म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. मी काय केलं? मी जीपमधून चावी काढून खिशात टाकली. तेव्हा! बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो हाच.

म्हातारा वाचला, हे सांगून टाकतो. लंगडत राहिला, पण वाचला.

त्यानंतरचं मी इतक्यांदा मनात घोळवलंय की शब्द न् शब्द पाठ आहे. साहेब आले. चेहरा पांढरा. मला विचारलं, चावी कोणाकडे होती? आणि मी — विचार केला नाही, हे खरं. पण विचार न करताही माणूस जे बोलतो ते त्याच्याच आतलं असतं ना? — मी म्हणालो, ‘यूसुफकडे दिली होती सर. मला लघवीला जायचं होतं.’ साहेब माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, त्याला विचार. माझ्या समोर विचार, चावी त्याच्याकडे होती का.

मी यूसुफकडे वळलो. त्याच्या पॅन्टवर म्हाताऱ्याचं रक्त होतं. आणि मी त्याला हिंदीत विचारलं, ‘साब पूछते हैं, तुम नमाज को गये थे?’

‘हां,’ तो म्हणाला, आणि मान हलवली.

साहेबांनी ती मान पाहिली. ‘विचार, चावी जीपमध्येच ठेवून गेला का?’

मी विचारलं, ‘जाते वक्त जीप यहीं खडी थी?’

‘हां भाई, यहीं तो थी.’ पुन्हा मान.

झालं. एवढंच. मी ओरडलो नाही, कुणाला मारलं नाही, शपथ घेऊन खोटं बोललो नाही. एका माणसाला विचारायचा प्रश्न मी बदलला. त्या दोघांमध्ये मी एकटाच होतो जो दोन्ही बाजूंचं ऐकत होता, आणि दोघांनी माझ्यावर टाकलेला भार मी असा वापरला. भीती होती, हो. व्हिसा कॅन्सल होऊन दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवतील ही भीती, खिडकीपर्यंत आलेल्या भिंती तशाच राहतील ही भीती. पण भीती यूसुफलाही असू शकते, हे त्या क्षणी माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आपला तो बाब्या.

साहेब बॉनेटला टेकून खूप वेळ कागद समोर घेऊन बसले. लिहावंसं वाटत नव्हतं त्यांना. मला म्हणाले, ‘याला वाचवता आलं असतं तर वाचवलं असतं. पण मी थुआनच्या कागदात खोटं लिहिलं नाही, याच्याही नाही लिहिणार.’ आणि लिहिलं. पोलीस यूसुफ, ज्याच्या ताब्यात जीपची चावी होती, तो ती जीपमध्ये सोडून गेला. खाली स्वतःची सही केली. कागद यूसुफकडे सरकवला.

यूसुफ माझ्याकडे बघून म्हणाला, ‘क्या लिखा साबने?’

मी म्हणालो, ‘लिखा है, खलासी जीप लेके भागा. किसी का कसूर नहीं.’

त्याने सही केली. झोकात नाही, घाईघाईत, नजर म्हातारा पडला होता त्या वळणाकडे. पण शेवटी टिंब दिलं.

म्हाताऱ्याचे भाऊबंद चौकीवर गेले. खापर कुणावर तरी फुटायलाच हवं होतं आणि कागद तयारच होता, सहीसकट. पाचव्या दिवशी यूसुफ मला शोधत माझ्या खोलीवर आला. गणवेशात नव्हता. त्याला मी तोवर साध्या कपड्यांत पाहिलंच नव्हतं, क्षणभर ओळखूही आला नाही. म्हणाला, ‘वसंत भाई, कागज में लिखा है चाबी मेरे पास थी. मैंने साइन किया है. तुमने तो बोला था किसी का नाम नहीं.’

अजूनही वेळ होती. त्याच दारात उभं राहून खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, ‘साब ने मुझे वैसे ही पढके सुनाया था यार. मुझे क्या मालूम, लिखा कुछ और.’

आणि त्याने विश्वास ठेवला. माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, ‘तुम्हारा कसूर नहीं, भाई. वो आखिर अपने आदमी को ही बचायेगा.’ जाताना बाहेरच्या पायरीवर बसून त्याने बूट घातले, बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधली. मग ‘खलास’ म्हणाला, स्वतःशीच, आणि गेला. नोकरी गेली त्याची.

इकडे साहेब मला म्हणायचे, चावी का सोडून गेला ते त्याला विचार ना. मला रागवायचं नाही, फक्त का ते ऐकायचंय. एकदा म्हणाले, मला त्याच्या घरी घेऊन चल. मी म्हणालो, सर, तो तुमचं तोंड बघायला तयार नाही. हे तर खरंच होतं एका परीने, नाही का? मीच तसं करून ठेवलं होतं. साहेब त्यानंतर विचारायचे थांबले. नवा पोलीस आला, चांगला माणूस होता, पण साहेब त्याच्याशी कामापलीकडे बोलले नाहीत. गुरुवारी आम्ही समुद्राकडे थांबायचंही सोडून दिलं.

तुकाभाऊला माहीत होतं मी त्या वेळी कुठे होतो. त्याने कधी काही विचारलं नाही. माझे कपडे मात्र त्यानंतर तो स्वतः इस्त्री करत नसे, शेजारच्या बंगाली कामगाराकडे सरकवायचा. आणि ती कॅसेट? पुढची मी कधी ऐकली नाही. लावायला घेतली की त्या श्वासापाशी येऊन थांबायचो. सुमनने पत्रात विचारलं, छायाने हाक मारली ती ऐकलीत का? मी लिहिलं, ऐकली, खूप गोड. म्हणजे तिने मारली होती तर. पुढे रजेवर गेलो तेव्हा ती आईच्या पदरामागे लपली आणि दोन दिवस जवळ आली नाही. माझी पहिली हाक कुठे तरी टेपवर आहे, आणि मी ती ऐकलेली नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. यूसुफलाही मुलं झाली असतील, त्याच्या घरीही कुणी काही ऐकलं, काही ऐकायचं राहून गेलं असेल.

ऐंशी साली साहेबांची बदली झाली. निघायच्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडलं. गाडीतून उतरले नाहीत लगेच. पाकिटातून एक चिठ्ठी काढली, तिच्यावर त्यांच्या अमेरिकेतल्या घरचा पत्ता. म्हणाले, ‘यूसुफला दे. त्याला सांग, मला राग नाही. त्याला सांग, मला त्याची आठवण येते. थुआनला काही सांगता आलं नाही मला. निदान याला तरी पोचू दे.’

मी म्हणालो, येस सर.

चिठ्ठी कॅसेटच्या डबीत घातली आणि डबी ट्रंकेच्या तळाशी. कशी देणार? दिली असती तर यूसुफने पत्र घातलं असतं. लिहायला कुणीतरी त्याला सापडलाच असता. साहेबांचं उत्तर आलं असतं, आणि दोन पत्रांत माझा सगळा बाजार उठला असता. करून सवरून नामानिराळा राहिलो होतो मी, ते मला टिकवायचं होतं. पण एवढंच होतं का? खरं सांगू? ते दोघं एकमेकांना सापडले की त्यांच्यात मला जागा उरणार नव्हती. निदान तोवर दोघांच्याही मनात मी भला माणूस होतो.

इथवरचं कदाचित मी कधीतरी सांगितलंही असतं. घाबरलेला तरुण माणूस, परका देश, घर बांधायचं अर्धवट... ऐकणारा म्हणाला असता, जाऊ दे हो, वय होतं ते. म्हणूनच सांगितलं नाही. कारण खरी गोष्ट पुढे आहे आणि तिला वयाचं कारण नाही.

शहाऐंशी साली मी तळावरची नोकरी सोडून एका खाजगी कंपनीत होतो. घर कधीच बांधून झालं होतं, वर कौलं चढली होती. छाया चौथीत होती. माझं बहारीनमधलं शेवटचं वर्ष, तिकिटाचीसुद्धा तयारी झालेली. कंपनीच्या गाडीचा सायलेन्सर गेला म्हणून मी तुबलीला एका गॅरेजमध्ये गेलो. गाडीखालून एक माणूस घसरत बाहेर आला, हाताला ग्रीस, पोट सुटलेलं. हसला आणि डोळे मिटले.

‘वसंत भाई!’

मिठी मारली त्याने. माझा शर्ट काळा झाला तरी सोडेना. आठ वर्षांनी भेटतोयस, म्हणाला. आईची चौकशी मी केली, ती गेली होती. गॅरेज त्याच्या मेहुण्याचं, आता तो भागीदार होणार होता. त्याच्या नोकरीबद्दल मी काही विचारायच्या आतच म्हणाला, ‘अच्छा हुआ भाई, पोलीस में रहता तो मोटा हो जाता.’ आणि स्वतःच्या पोटावर थापटी मारून हसला. मग थोडा वेळ फडक्याने हात पुसत राहिला. बोटं एकेक करून. आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

‘साब ने कभी मेरे बारे में पूछा?’

बघा. आता काय होतं मला हरवायला? नोकरी सोडलेली, घर उभं, तिकीट हाताशी. साहेब सात समुद्रांपलीकडे. कुणी मला काही करू शकत नव्हतं. चिठ्ठी माझ्या खोलीत ट्रंकेत होती, बसने अर्ध्या तासावर. त्या माणसाला फक्त एक ‘हो’ हवं होतं. त्याची किती वर्षांची तहान होती ती, मला त्याच्या पुसणाऱ्या बोटांत दिसत होती. खरं सगळं सांगायचीही गरज नव्हती. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हणालो, ‘नाही.’

मराठीतच आलं तोंडातून. त्याला कळलं. मान हलवली, तीच, आणि म्हणाला, ‘इंशाल्ला, खूश होगा जहां भी होगा.’

का म्हणालो मी ‘नाही’? मला माहीत नाही. विचार करकरून म्हातारा झालो. सवय झाली होती, एवढंच कधीकधी वाटतं.

मग त्याला काहीतरी आठवलं. आत गेला आणि एक कागद घेऊन आला, भागीदारीचा, इंग्रजीत, तीन पानं. मेहुणा म्हणतो साइन कर, पण मी म्हटलं कुणीतरी आपला माणूस वाचून सांगेल तेव्हा करीन, म्हणाला. ‘तुम आये, अच्छा हुआ.’ मला स्टुलावर बसवलं.

मी वाचलं. प्रत्येक ओळ. आधी इंग्रजीत मनात, मग हिंदीत मोठ्याने, एकही शब्द न गाळता, कलम, उपकलम, तारखा, सगळं. एका ठिकाणी अडलं तर परत मागे गेलो. तिसऱ्या पानापर्यंत येईतो तो हसायला लागला होता. ‘बस भाई, बस. इतना कौन पढता है? तुम बोलते हो ठीक है तो ठीक है.’ मी म्हणालो, थांब, आणखी एकदा वाचतो. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खरं वाचून दाखवायला माझ्याकडे तोच एक कागद उरला होता.

त्याने पेन घेतलं. उजवीकडून डावीकडे, झोकात, शेवटी टिंब.

मग त्याने चहा मागवला, दुधाचा, जास्त साखरेचा, मला आवडायचा तसा. त्याला आठवत होतं. मी तो प्यालो.